‘आमची फी शून्य’ म्हणणाऱ्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडचे सात महिने

पाचपैकी दोन तारे. त्यातला दीड तारा तिथल्या एकाच माणसाचा आहे, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. उरलेला अर्धा त्यांच्या छापील चेकलिस्टचा. ती खरंच चांगली आहे, अजून माझ्या टेबलावर चिकटवलेली आहे.

संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एक तर माझ्या ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या गुणपत्रकांचे, दोन सीलबंद लिफाफे अजून त्यांच्या कपाटात पडून आहेत. दुसरं म्हणजे, ‘परदेशी शिक्षण, मोफत मार्गदर्शन’ अशी पाटी जिथे जिथे असते तिथे धंद्याची रीत साधारण हीच असते, हे आता मला कळलंय. तेव्हा एका दुकानावर राग काढण्यात अर्थ नाही.

माझी गोष्ट थोडक्यात. मी सिव्हिल इंजिनिअर, सव्वीस वर्षांची. गेली अडीच वर्षं नोकरीत नदीच्या पुराची मॉडेलं चालवते. म्हणजे किती पाऊस पडला की कुठला पूल कधी पाण्याखाली जाईल, ते कॉम्प्युटरवर मांडायचं. मास्टर्स करायचं ते जलविज्ञानातच, हे डोक्यात पक्कं होतं. देश पक्का नव्हता. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७, पदवीला दहापैकी ८.२. घरात आधी कोणी बाहेर शिकायला गेलेलं नाही, त्यामुळे बाबा म्हणाले, ‘माहितगार माणसाकडे जा, उगाच इंटरनेटवर शोधत बसू नकोस.’ गेले.

पहिली भेट झकास झाली. काउन्सेलर मॅडम माझ्याच वयाच्या, बोलायला गोड. सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, ‘हायड्रॉलॉजी.’ त्यांनी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हायड्रो’ टाइप केलं. स्क्रीन अर्धवट माझ्याकडे वळलेली होती म्हणून मला दिसलं. निकाल शून्य. त्यांनी एक क्षण थांबून तो शब्द पुसला, विषयाच्या चौकटीत ‘इंजिनिअरिंग – ऑल’ निवडलं आणि एंटर दाबलं. धडाधड यादी आली. मग माझ्याकडे बघून हसून म्हणाल्या, ‘तुमच्या प्रोफाइलला खूप ऑप्शन्स आहेत!’

सात विद्यापीठांचा प्रिंटआउट हातात पडला. चार ठिकाणी इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, दोन ठिकाणी कन्स्ट्रक्शन प्रोजेक्ट मॅनेजमेंट, एक एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग. तीन नावांपुढे फुली मारल्यासारखी चांदणी होती. ती कशाची, विचारलं, तर ‘फास्ट ऑफर’. मी जर्मनीचं विचारलं. उत्तर आलं, ‘जर्मनी आम्ही करतो, पण तिथली प्रायव्हेट विद्यापीठं. सरकारी विद्यापीठांना जर्मन भाषा लागते, आणि ८.२ ला जरा अवघडच असतं.’

या एका वाक्याने माझे पाच महिने घेतले, म्हणून त्याच्यावर जरा थांबते.

जर्मन विद्यापीठं बाहेरच्या गुणांचं रूपांतर करतात ते एका सूत्राने, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्ण होण्यापुरते यांच्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, त्यात एक मिळवायचा. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, आपल्या सवयीच्या बरोबर उलटं. माझे गुण घाला. दहातून ८.२ गेले, राहिले १.८. उत्तीर्णाची रेघ ४ ला असेल तर भागायचं ६ ने. उत्तर येतं १.९. रेघ ५ ला असेल तर साधारण २.१. म्हणजे एकाच गुणपत्रिकेचे दोन आकडे येतात, आणि फरक कशाने पडतो, तर उत्तीर्ण व्हायला किती लागतात हे कागदावर लिहिलंय की नाही याने. २.५ पर्यंत चालेल असं लिहिणारे कोर्स मला सापडले. ‘८.२ ला अवघड’ हे कुठून आलं, ते मॅडमनाही माहीत नसावं. भाषेचं म्हणाल, तर डीएएडी ही जर्मनीची सरकारी पैशावर चालणारी देवाणघेवाण संस्था. तिच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची सूची आहे, दोन हजारांहून जास्त कोर्सेसची, आणि इंग्रजीतून चालणारे वेगळे काढून बघता येतात. मी तिथे पाणी हा विषय टाकला आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसले. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग, श्टुटगार्टमध्ये पाण्याच्या नियोजनावरचा वारेम नावाचा कोर्स, दोन्ही इंग्रजीतून. पण ही रात्र उजाडली फेब्रुवारीत. मी संस्थेत नाव घातलं होतं सप्टेंबरमध्ये.

मधल्या काळात काय चाललं होतं? मला एक नवा ईमेल पत्ता काढून दिला होता. माझं नाव, पुढे त्यांच्या बॅचचा आकडा. पासवर्ड त्यांच्याकडे. ‘सगळ्या विद्यापीठांचा पत्रव्यवहार आम्ही बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ मला तेव्हा ही सोयच वाटली. नोकरी सांभाळून सात पोर्टलांचे सात लॉगिन कोण लक्षात ठेवणार?

डिसेंबरमध्ये यादीतल्या त्या एकुलत्या एन्व्हायर्न्मेंटलवाल्या ब्रिटिश विद्यापीठाकडून काहीच कळेना. दर आठवड्याला विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’. शेवटी मी त्यांच्या कार्यालयात जाऊन बसले आणि म्हटलं, माझ्यासमोर ते इनबॉक्स उघडा. उघडलं. विद्यापीठाचं पत्र तिथे अकरा दिवस पडून होतं. मागितलं होतं काय, तर शेवटच्या सत्राची गुणपत्रिका परत स्कॅन करून पाठवा, कडेचा भाग कापला गेलाय. माझ्या फोनवरून दोन मिनिटांत झालं असतं. त्या इनबॉक्समध्ये न वाचलेली आणखी चौदा पत्रं होती. बरीच जाहिराती, पण एक त्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची आठवण करून देणारं, जिची मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती.

मॅडम मनापासून ‘सॉरी’ म्हणाल्या. नंतर कळलं की त्यांच्याकडे माझ्यासारखे एकशे दहा विद्यार्थी होते. माणूस एकशे दहा इनबॉक्स वाचूच शकत नाही. म्हणून तिच्यावर माझा राग नाही. ईमेल मात्र तुमचा, पासवर्ड तुमचा, पोर्टलचा लॉगिन तुमचा. सल्लागाराला हवं तर पत्र पुढे पाठवा. यावर कोणी ‘आमची सिस्टीम अशीच आहे’ म्हणालं तर उठून या.

आता एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन. ‘आमची रायटिंग टीम लिहिते, तुम्ही फक्त फॉर्म भरा.’ फॉर्ममध्ये वीस प्रश्न. मी पुराच्या मॉडेलाबद्दल दीड पान लिहून दिलं. नदीच्या एका वळणावर आमचे आकडे आणि प्रत्यक्षातलं पाणी का जुळेना, ते शोधायला मला तीन आठवडे लागले होते. कारण निघालं साधंच. पुलाखाली साचलेला गाळ आम्ही नकाशात धरलाच नव्हता. माझ्या मते माझ्याकडे सांगण्यासारखं हेच होतं. टीमकडून जे आलं त्याची सुरुवात ‘लहानपणापासूनच मला यंत्रांविषयी कुतूहल होतं’ अशी. गाळ गायब. आणि तिसऱ्या परिच्छेदात, मी पुन्हा पुन्हा वाचलं, ‘डेटा सायन्समधील माझी आवड’. कोणाचा तरी डेटा सायन्स माझ्या पाण्यात वाहून आला होता. दुरुस्ती मागितली, तर दुसऱ्या प्रतीत डेटा सायन्स गेलं, यंत्रांचं कुतूहल राहिलं. तिसरी प्रत मी मागितलीच नाही, स्वतः लिहिली. जर्मनीच्या अर्जांना तीच वापरली, गाळासकट.

फुकट मिळतंय तर तक्रार कशाला, असं आमच्या दादाचं म्हणणं होतं. तिथेच खरी मेख आहे. ते फुकट नाही. पैसे विद्यापीठ देतं. मुलाने प्रवेश घेऊन शुल्क भरलं की त्या शुल्कातला ठरलेला हिस्सा सल्लागाराला कमिशन म्हणून जातो. त्यासाठी आधी करार असतो, ‘पार्टनर’ म्हणतात ते हेच. यात बेकायदा काही नाही. अमेरिकेतली गंमत बघा. जिथे सरकारी विद्यार्थी-मदत चालते अशा कॉलेजांना मुलं जमवण्यासाठी डोईमागे कमिशन द्यायला कायद्याने बंदी आहे, पण त्या बंदीतून परदेशात राहणारे परदेशी विद्यार्थी वगळलेले आहेत. तिथल्या प्रवेश समुपदेशकांच्या संघटनेचाही, नॅकॅकचा, आपल्या सदस्यांना परदेशात कमिशनवर एजंट नेमायला विरोध होता. तो त्यांनी २०१३ मध्ये सैल केला. आणि २०१२ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, न्यूझीलंड या चार देशांनी मिळून एजंटांनी कसं वागावं याची तत्त्वं जाहीर केली, त्याला लंडन स्टेटमेंट म्हणतात. हितसंबंध लपवू नका, असं त्यातही आहेच. मी मॅडमना सरळ विचारलं, ‘या सातपैकी कोण तुम्हाला पैसे देतं?’ त्या जराशा गोंधळल्या आणि म्हणाल्या, ‘सगळेच देतात, पण त्याचा आमच्या सल्ल्यावर परिणाम होत नाही.’

होतो. मुद्दाम कोणी फसवतं असंही नाही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त पैसे देणारे आहेत, म्हणून न देणारे दिसतच नाहीत. ज्या सरकारी विद्यापीठात शिकवणीचं शुल्कच नाही तिथे हिस्सा कशातून काढणार? तुमचा विषय आणि त्यांची यादी जुळत असेल तर तुमचं काम फुकटात आणि छान होईल. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीला फायनान्स करायचं होतं, ब्रिटनमध्ये, एका वर्षाचं. तिला त्यांनी तीन महिन्यांत ऑफर मिळवून दिली आणि ती खूश आहे. तिच्या जागी मी असते तर कदाचित चार तारे दिले असते. माझा विषय आडवाटेचा, त्याला ही दुकानं उपयोगाची नाहीत.

माझं सगळ्यात मोठं नुकसान इरास्मस मुंडुसचं झालं. युरोपियन युनियनच्या या एकत्रित मास्टर्समध्ये दोन-तीन देशांत फिरून शिकायचं असतं, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १४०० युरो आणि शुल्क माफ. भूजल आणि हवामानबदल यावरचा असा एक कोर्स लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन मिळून चालवतात. डेल्फ्टची ती संस्था, आयएचई, १९५७ पासून पाणी हाच विषय शिकवतेय. माझ्यासाठीच कोणी कोर्स शिवून ठेवावा, तसा. पण अशा अर्जांच्या मुदती बहुधा हिवाळ्यातच संपतात, आणि मी फेब्रुवारीत जागी झाले. सप्टेंबरमध्ये कोणी नुसता शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं.

आता त्या दीड ताऱ्याकडे येते. कार्यालयाच्या मागच्या खोलीत, झेरॉक्स मशीनशेजारी, व्हिसाची फाइल तपासणारे एक सर बसतात. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे, हातात लाल पेन. जानेवारीत एन्व्हायर्न्मेंटलची ऑफर आली, तेव्हा माझी फाइल त्यांच्याकडे गेली. त्यांनी बँकेचं स्टेटमेंट उघडलं, बोट ओळीओळीवरून खाली नेलं आणि एका तारखेशी थांबले. ‘इथे शिल्लक खाली गेलीय. एका दिवसासाठी.’ बाबांनी विम्याचा हप्ता त्या खात्यातून भरला होता. ब्रिटनच्या व्हिसाला दाखवायची पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि ते २८ दिवस जिथे संपतात ती तारीख अर्जाच्या ३१ दिवसांपेक्षा जुनी नको. सर म्हणाले, ‘एक दिवस खाली गेली की मोजणी पहिल्यापासून. आज भरलात तर नाकारतील.’

मग माझ्या पासपोर्टवरचं नाव आणि आयईएल्टीएसवरचं नाव शेजारी शेजारी ठेवली. एकावर वडिलांचं नाव मध्ये होतं, दुसऱ्यावर नव्हतं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी कुठलं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यात काय शब्द हवेत ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. आणि जाता जाता कोणी न विचारता सांगितलं, ‘मॅडमनी दिलेल्या खर्चाच्या कागदावर व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार नाहीये. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या कोर्सला व्हिसा जास्त मुदतीचा मिळतो, त्यामुळे दीडपट धरा, ११६४.’ मॅडमच्या कागदावर शेवटी ‘इतर खर्च’ अशी एक ओळ होती आणि पुढे रिकामं. मी ती ओळ त्यांना दाखवली, तर नुसते हसले.

ती ऑफर मी शेवटी सोडली. डिपॉझिट भरायचं होतं तीन हजार पौंड, आणि संस्थेकडून दिवसाला दोन फोन, ‘सीट जाईल, आज रात्रीपर्यंत भरा.’ ऑफर लेटर नीट वाचलं तर मुदत पुढच्या महिन्याची होती. परताव्याचे नियम विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर सापडले. व्हिसा नाकारला तर बरेचसे पैसे परत, मन बदललं तर नाही. हे नियम वाचल्याशिवाय डिपॉझिट भरू नका, फोनवरचा आवाज कितीही घाईत असला तरी. मला घाईनेच शंका आली. पूर ओसरायला तीन दिवस लागतात हे मी रोज मोजते, सीट एका रात्रीत कशी जाते?

फेब्रुवारीनंतर सगळं मी स्वतः केलं. अवघड नाही, चिवट आहे. ड्रेस्डेनचा अर्ज युनि-असिस्टमार्फत जातो. बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी कागदपत्रं तपासणारी ही संस्था, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. तपासणीला चार-सहा आठवडे धरायचे, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवून चालत नाही. श्टुटगार्टचं पोर्टल स्वतंत्र आहे, आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे ते राज्य युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं, २०१७ च्या हिवाळी सत्रापासून. ‘जर्मनीत सगळं फुकट’ हेही ऐकीव ज्ञानच. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क लावलंय. आणि शुल्क नसलं तरी राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतातच. सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकायचे. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ च निघतात, आपलेच पैसे असून. बाबांना हे समजावताना अर्धा तास गेला. त्यांना वाटत होतं ही फी आहे. फी नव्हे, पॉकेटमनी आहे, तुम्हीच दिलेला, फक्त किल्ली जर्मनांकडे, असं म्हटल्यावर पटलं.

काही देशांच्या विद्यार्थ्यांना पदवी खरी आहे याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. मला लागलं. त्याला किती आठवडे लागतील ते आपल्या हातात नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच करायला घ्यायला हवं होतं. मी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि शेवटी श्वास रोखून बसले. ड्रेस्डेनचं पत्र मे महिन्यात आलं. माझ्या स्वतःच्या ईमेलवर, सकाळी सात चाळीसला, बसमध्ये. श्टुटगार्टने नकार दिला, दोन ओळींत, सभ्यपणे.

संस्थेकडे फाइल बंद करायला गेले तेव्हा त्यांनी एका फॉर्मवर सही मागितली, ‘वैयक्तिक कारणास्तव’. मी ते खोडून ‘विषय उपलब्ध नाही’ लिहिलं. ट्रान्सक्रिप्ट ‘मॅनेजर आल्यावर’ मिळतील म्हणाले. ते अजून यायचेत.

मागच्या खोलीतल्या सरांना भेटून जर्मनीची फाइल दाखवली. खरं तर मी आता त्यांची ग्राहक नव्हते, संस्थेला यातून एक पैसा सुटणार नव्हता. त्यांनी दार लोटलं, लाल पेन काढलं आणि वीस मिनिटं बसून बघितली. एक चूक निघाली. विम्याच्या कागदावर सुरुवातीची तारीख माझ्या विमानाच्या एक दिवस नंतरची होती.

त्या खोलीत जायचं असेल तर झेरॉक्सच्या आवाजाच्या दिशेने जा, रिसेप्शनला विचारलंत तर आधी मॅडमकडे बसवतील.